दीड इंचाची कबुली

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे इंचमास्तर म्हणत. तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चूक झाली नव्हती. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. विजार घट्ट झाली, तर गिऱ्हाइकाचं पोट अप्रामाणिक. गळा आवळला, तर माप देताना तुम्ही श्वास रोखला होता. वाद घालण्यापेक्षा मी निमूटपणे पोट आत ओढून घेई.

त्यांचं लाडकं गिऱ्हाईक म्हणजे कोपऱ्यावरचा पत्रकार. तुरुंगात त्याचा डावा हात मोडला आणि वाकडा जुळला. उजव्यापेक्षा दीड इंच आखूड. मास्तरांनी त्याला करडा कोट शिवला, तोही डावी बाही दीड इंच कमी ठेवून. दोन्ही कफ मनगटावर असे चोख बसत, की फोटो बघून कुणाला संशय येऊ नये.

एका सोमवारी पत्रकाराला सरकारी कचेरीत चौकशीला बोलावलं. तोच कोट घालून तो आत गेला, तो परतलाच नाही. जगभर बोंब झाली. एका देशाने राजदूत माघारी बोलावला, दुसऱ्याने तीव्र चिंता व्यक्त केली, तिसऱ्याने तर ती दोनदा व्यक्त केली. परदेशी चौकशी पथक शहरात येऊन उतरलं. तेव्हा सरकारने चित्रफीत दाखवली: करड्या कोटातला पाठमोरा माणूस मागच्या दाराने धडधाकट निघून जातोय.

मास्तरांच्या दुकानातल्या टीव्हीवर आम्ही ती पाहिली. मास्तर कात्रीसकट उठले.

"कोट माझा. माणूस तो नाही! डावी बाही बघा, मनगट सोडून कशी वर चढलीय!"

"मास्तर, हळू."

"हळू काय? या गड्याचा हात लांब आहे!"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. तिसऱ्या दिवशी दोन माणसं आली.

फार सभ्य. एकाने कागद पुढे केला: 'माझ्या चुकीमुळे कोटाची डावी बाही आखूड झाली.' खाली सहीची जागा.

"मुलगी नर्स आहे ना तुमची?" दुसरा म्हणाला. "जाता-येता एकटीच असते."

काजं करणाऱ्या वहिनींची, म्हणजे मास्तरांच्या बायकोची, सुई थांबली. "अहो, करा सही. एकदा चूक कबूल केलीत तर आभाळ नाही कोसळत."

मास्तरांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मी इस्त्रीच्या टेबलामागे उभा होतो. शौर्य माझ्या अंगात कधीच नव्हतं. त्या दिवशी थुंकीही नव्हती.

"मोघम सही मी करत नाही," मास्तर म्हणाले. "दीड इंच आखूड, असं लिहा. आणि शिवली त्या दिवसापासून आखूड, हेही."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. शिंपी वाकला होता, वर इंच मोजून वाकला होता! त्यांनी लिहिलं, सही घेतली, शिक्का मारला.

ते गेल्यावर वहिनींना रडू फुटलं. "रडू नकोस," मास्तर म्हणाले, "लेकीला आत्ताच्या आत्ता बोलावून घे. हे परत येणार." मग माझ्याकडे वळले. "आखूड बाही त्याच्या एका तरी फोटोत दिसते का हो?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी सरकारने तो कागद मोठ्या ऐटीत जगापुढे धरला. पथकाच्या प्रमुख बाईंनी त्याशेजारी पत्रकाराचे त्याच कोटातले जुने फोटो ठेवले आणि एकच प्रश्न विचारला: पहिल्यापासून आखूड असलेली बाही त्याला बरोबर बसत होती, तर चित्रफितीत कुणाला अपुरी पडली? तासाभरात चिंता व्यक्त करणाऱ्या देशांनी चिंता सोडून 'खून' हा शब्द वापरला.

इकडे दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत मास्तर, वहिनी आणि लेक; पायरीवर मी. बाहेर गाडी थांबली. वहिनींनी लेकीचा दंड घट्ट धरला. शटरखालून वाकून पथकाच्या त्याच बाई म्हणाल्या, "चला, लवकर."

मास्तरांनी फक्त मापांची वही घेतली. गाडी डावीकडे वळून दिसेनाशी झाली.

दहा मिनिटांत दुसरी गाडी आली. तीच सभ्य माणसं.

"शिंपी कुठे गेला?"

मी उजवीकडचा रस्ता दाखवला.