सव्वा महिन्याची खोली

आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरीच होणार, हे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः नांदेडला येऊन माझ्या सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी हळूच विचारलं, पण करणार कोण? अण्णा म्हणाले, "आमची अक्का हाय की."

अक्का म्हणजे माझी आत्या. कंधारजवळच्या खेड्यात राहायची. स्वतःच्या लेकींची, सुनांची, जावांच्या लेकींची बाळंतपणं तिनंच केलेली. मी दवाखान्यातून लातूरला अण्णांच्या घरी आले, तोवर तिनं मागची खोली तयार ठेवली होती. वारं लागू नये म्हणून खिडकीवर कांबळं ठोकलेलं, पंख्याचं बटण चिकटपट्टीनं बंद केलेलं आणि बाजेखाली शेगडी. दिवस वैशाखाचे. बाहेरच्या खोलीत कूलर चालायचा, त्याचा आवाज मला ऐकू यायचा. वारा मात्र आत्यानं दाराला लावलेल्या जाड पडद्याच्या अलीकडं येत नसे.

सिझरचे टाके ओढायचे. कान फडक्यानं बांधलेले. प्यायला ओव्याचं कोमट पाणी, जेवायला मऊ भात, शेपूची भाजी, डिंकाचे लाडू. फोन बघायचा नाही, डोळे जातात. वाचायचं नाही, तेही डोळ्यांवर येतं. नवरा शनिवारी नांदेडहून यायचा, तर त्यालाही आत्या लवकर बाहेर काढायची. पुरुषमाणसानं बाळंतिणीच्या खोलीत फार थांबू नये म्हणे. अण्णा तर उंबऱ्याच्या आत कधी आलेच नाहीत. पडद्याबाहेरून विचारायचे, "झोपलं का लेकरू?" मी म्हणायचे, झोपलं. त्यांच्या चपलांचा आवाज लांब जायचा.

आत्यावर चिडावं तर तेही जमत नव्हतं. ती माझे पाय रगडायची, लेकराचे लंगोट धुवायची, स्वतः कधी जेवायची ते दिसायचंही नाही. मी घामानं निथळत पडलेली असले की पदरानं माझा चेहरा पुसायची आणि म्हणायची, "सोस माय जरा. सव्वा महिना तर हाय. पुढं जन्मभर हाडं दुखणार न्हाईत." इतकं जीव लावून करणाऱ्या बाईला, मला इथून बाहेर काढ, असं कसं म्हणणार?

आणि निघून तरी जाणार कुठं? बाहेर गेले तरी लेकरू बरोबर येणारच होतं. खरी अडचण तीच होती. मुलगी गोरीगोमटी, चांगल्या वजनाची. बघायला येणाऱ्या बायका तिची दृष्ट काढायच्या. मी तिच्याकडं बघायचे आणि मला काहीच वाटायचं नाही. ती रडली की छातीत धडधडायचं, ती गप्प झाली की आता पुन्हा कधी रडेल याची धास्ती. दूध पाजताना मी भिंतीकडं तोंड करून बसायचे. डोळ्यांतून पाणी यायचं ते बायकांना दिसायचं. त्या म्हणायच्या, आईची आठवण येत असेल. मी मान हलवायचे. सांगायला ते कारण सोपं होतं.

मग आत्याच्या सासरी, भावकीत कुणीतरी वारलं. सुतक फिटेपर्यंत तिला मला शिवता येणार नव्हतं. जाताना ती रडली, दारातूनच अण्णांना शेगडी, धुरी, लाडू सगळं समजावून गेली. लेकराला आंघोळ घालायला शेजारच्या काकू येऊ लागल्या. बाकी घरात आम्ही दोघंच, आणि लेकरू.

अण्णांचा मऊ भात कधी खारट, कधी अळणी. लंगोट धुवून ते गच्चीवर वाळत घालायचे. पण खोलीत यायचे नाहीत. ताट उंबऱ्यावर ठेवायचे.

एका दुपारी लेकरू रडायला लागलं. मी पाजलं, घेतलं, थोपटलं, तरी थांबेना. मी तिला बाजेवर मधोमध ठेवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि चपला घालून फाटकापर्यंत गेले. ऊन डोळ्यांत घुसलं. कानाला फडकं तसंच होतं. अण्णा दुधाची पिशवी घेऊन समोरून येत होते.

"अण्णा, मला जायचंय."

"कुठं?"

"माहीत नाही. तिला राहू द्या इथंच. मला तिचं काहीच वाटत नाही."

ते आधी आत गेले. मी फाटकाशीच उभी. रडणं थांबलं. मग ते तिला छातीशी धरून बाहेर आले, मान धरायची कशी ते नीट जमत नव्हतं. म्हणाले, "सगळे म्हणतात, तुझी आई असती तर तिला कळलं असतं. मला नाही तसं वाटत. तिनंही लाडूच दिले असते. मलाही ह्यातलं कळत नाही, बाई. ज्याला कळतं त्याच्याकडं जाऊ."

त्याच संध्याकाळी रिक्षा करून आम्ही माझ्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मनाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना असं होतं, हे बाईंनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मला क्षणभर रागच आला. मग आजवर कुणीच का बोललं नाही? अण्णा बाहेर बाकावर लेकरू मांडीवर घेऊन बसले होते. काकूंना आम्ही टाके दाखवायला गेलो होतो असं सांगितलं.

घरी आल्यावर अण्णांनी कांबळं काढलं. खिळ्यांनी भिंतीचा पोपडा निघाला.

सुतक फिटून आत्या आली तेव्हा उघडी खिडकी बघून ती जागीच थांबली. "कुणी केलं हे? पोरीला वात भरवता काय?"

"अक्का, खिडकी उघडीच राहील," अण्णा म्हणाले. थोरल्या बहिणीला त्यांनी उलट बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मनाच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचं तिनं विचारल्यावर मात्र ते म्हणाले, रक्त वाढायच्या आहेत. आत्यानं मग दिवसभर त्या खिडकीकडं बघितलंही नाही. माझे पाय मात्र तिनं रोजच्यासारखे रगडले.

गोळ्यांनी लगेच सुटका झाली असं नाही. नांदेडला गेल्यावर फ्लॅटच्या भिंतीही अंगावर येत राहिल्या. नवऱ्याला सगळं सांगितलं, त्याला समजायला वेळ लागला, पण रजा काढून तो घरी थांबला. रडं हळूहळू कमी झालं. माया कधी आली ते मला नेमकं सांगता येणार नाही. एवढं आठवतं, की पुन्हा नोकरीवर रुजू व्हायचं विचारायला मी माझ्या कॉलेजात गेले होते, लेकरू सासूबाईंकडं. परत येताना पुलावर गाड्या अडकल्या. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली. मी त्याला विचारलं, दुसऱ्या वाटेनं जाता येईल का. थोड्या वेळानं परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो वळून म्हणाला, "बाई, लई घाई हाय का?"

"हो," मी म्हटलं, "घरी लेकरू आहे."