मी कोकणचा किनारा सह्याद्रीवर नेला

ऐंशीच्या दशकातल्या एका ऑक्टोबरात मी कोकणचा समुद्रकिनारा उचलून सह्याद्रीच्या माथ्यावर ठेवला, त्याच्या बारा प्रती काढल्या आणि बारा देशांच्या लोकांना वाटल्या. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण बारापैकी ज्या एकाने तो किनारा मानला नाही, त्याला मी नापास केलं.

अंधेरी पूर्वेला, मरोळकडे जाताना, आमचं एक ट्रेनिंग सेंटर होतं. आपापल्या देशात हवामान खात्यात नोकरी करणारे, एम.एस्सी. झालेले लोक तिथे फेब्रुवारी ते ऑक्टोबर शिकायला येत. विषय उपग्रह हवामानशास्त्र. सोप्या भाषेत सांगायचं तर वरून ढग बघून खाली काय होणार ते ओळखायचं. मी चित्र वाचायला शिकवायचो. खऱ्या अंदाजाचं काम दुसरा विभाग करायचा, हे देशाचं नशीब.

उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर. तिथून येणारं चित्र आमच्या रेकॉर्डरवर एकदम उमटत नसे, रेघेरेघेने उतरे. आधी कोरा कागद. मग वरच्या कडेला एक करडी रेघ, तिच्याखाली दुसरी. बघता बघता हिमालयाचा बर्फ, मग गंगेचं मैदान, मग खाली अरबी समुद्र आणि त्यावर चक्राकार फिरलेले ढग. सहा वर्षं मी ते रोज बघत होतो आणि रोज हातातला चहा गार व्हायचा. दहिसरचा नाका, मुलुंडच्या टेकड्या, घाटकोपरची आमची चाळ आणि तिच्यातली नळावरची भांडणं, सगळं त्या कागदावर टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत.

रेकॉर्डर परब सांभाळायचे. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, आणि गाव आमच्या गावापासून दोन खाड्या पलीकडे. म्हणजे दोघेही मालवणकडचे. मला साहेब म्हणायचे, पण अशा सुरात, की मी मागे वळून बघायचो दुसरा कोण साहेब आलाय ते.

बारा जणांत एक बातार होता. मंगोलियाचा. त्याच्या देशाला समुद्रच नाही. पहिल्या रविवारी मी सगळ्यांना मार्व्याहून फेरीबोटीने मनोरीला नेलं. बातारने बोटीतून वाकून पाण्यात हात घातला आणि बोटं चाटून बघितली. परतताना त्याने स्वतःबद्दल सांगितलं. अकरा वर्षं तो गवताळ माळावरच्या एका ठाण्यात थर्मामीटर वाचत होता. आता त्याच्या देशात उपग्रहाची चित्रं घेणारं स्टेशन उभं राहणार होतं. इथलं सर्टिफिकेट मिळालं तर ते स्टेशन त्याच्याकडे. नाही मिळालं तर पुन्हा माळ आणि थर्मामीटर. आजचं तापमान सांगावं तितक्या कोरडेपणाने त्याने हे सांगितलं.

शेवटच्या परीक्षेला मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात एक कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं. सकाळी साडेआठच्या चित्रावरून त्याचं केंद्र शोधायचं, एवढाच प्रश्न. उत्तर अर्ध्या अंशापर्यंत, म्हणजे पन्नासेक किलोमीटर, चुकलं तरी पास. पलीकडे गेलं तर नापास.

आता दोन गोष्टी समजावून सांगतो, म्हणजे माझा गाढवपणा नीट कळेल. उपग्रह दोन प्रकारची चित्रं काढतो. एक उजेडाचं, आपल्या फोटोसारखं. दुसरं उष्णतेचं, म्हणजे इन्फ्रारेड. त्यात गरम ते काळं, गार ते पांढरं. रात्री उजेड नसतो, तेव्हा हेच कामाला येतं, म्हणून परीक्षा त्यावर. दुसरी गोष्ट ग्रिडची. चित्रावर अक्षांश-रेखांश छापून येत नसत. ते एका पारदर्शक कागदावर आखलेले असत, किनाऱ्यासकट. तो कागद चित्रावर सरकवत न्यायचा आणि आखलेला किनारा चित्रातल्या किनाऱ्यावर बसवायचा. बसला की चिकटवायचा.

ते काम मी केलं. नियमाप्रमाणे तीन लांबलांबच्या खुणा जुळवायच्या. मी एकच जुळवली, कोकण किनारा. वर्गात म्हणालोसुद्धा, की हा किनारा मी डोळे मिटून काढीन, माझे बापजादे इथलेच. चित्रात पश्चिमेला वरून खाली एक छान, किंचित वाकडी कड दिसत होती. त्यावर किनारा बसवला, अगदी झकास बसला.

अकरा जणांची उत्तरं माझ्या उत्तराशी जुळली. बातारने माझा ग्रिड काढून टाकला होता आणि स्वतःचा लावला होता. त्याचं केंद्र मुंबईच्या जास्त जवळ, अर्ध्या अंशाहून थोडं जास्त सरकलेलं. मी लाल पेन्सिलीने फुली मारली. वर लिहिलं, ग्रिडला हात लावायला कोणी सांगितलं होतं?

निकालाची यादी घेऊन कोर्सच्या प्रमुख भागवत मॅडमकडे गेलो. वर्षभर पहिला-दुसरा असणारा माणूस शेवटच्या परीक्षेत पडला, हे त्यांना पटेना. त्यांनी बातारला बोलावलं. तो आला आणि दारातच उभा राहिला.

मॅडमनी विचारलं, की सरांचा किनारा तू का हलवलास?

"मॅडम, तो किनारा नाही. ढग आहेत."

मला हसू आलं. मी म्हणालो, "बातार, तू समुद्र पहिल्यांदा पाहिलास तो फेब्रुवारीत. माझा जन्म त्याच्या काठावरचा आहे."

तो म्हणाला, "सर, समुद्र मला माहीत नाही. जमीन माहीत आहे. ती सकाळी काय करते ते अकरा वर्षं लिहून घेतलंय."

आणि त्याने समजावलं. रात्री जमीन समुद्रापेक्षा गार होते, दुपारी जास्त गरम. मग मधे कधीतरी दोघांचं तापमान एकच होणार. ओल्या, हिरव्या मुलखात ते साडेआठच्या सुमारास होतं. तेवढ्या वेळापुरता उष्णतेच्या चित्रातून किनारा नाहीसाच होतो, दोन्हीकडे सारखाच करडा रंग. कोकणात मला जी कड दिसली ती घाटमाथ्यावर अडकलेल्या ढगांची. ती किनाऱ्याला समांतरच धावते, म्हणून झकास बसली. त्याने मात्र कोकणाकडे बघितलंच नव्हतं. तो कच्छपासून निघाला होता. कोरडी जमीन रात्री खूप गार होते आणि सकाळी तापण्यात मागे राहते, तिथला किनारा अजून दिसत होता. रेताड मुलूख तो ओळखत होता.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मॅडम म्हणाल्या, "सावंत, त्याच वेळेचं उजेडाचं चित्र असेल ना टेपवर?"

होतं. उपग्रहाकडून येणारं सगळं टेपवर साठायचं, तेव्हा सकाळपासून होतं. काढायला वीस मिनिटं लागली असती. मला गरज वाटली नव्हती.

आम्ही तिघं रेकॉर्डरच्या खोलीत गेलो. परबांनी टेप लावली. रेघ उतरू लागली. एरवी त्या यंत्रासमोर मी भान हरपून उभा राहायचो. त्या दिवशी मी एकेक रेघ मोजत होतो. कच्छ आलं. सौराष्ट्राचं टोक आलं. मग खंबातचं आखात. मग खाली काळाभोर समुद्र आणि करडी जमीन, मधे सुरीने कापावा तसा स्वच्छ किनारा. आणि त्याच्या आत, चांगला पन्नास-साठ किलोमीटर आत, घाटावर पांढऱ्या ढगांची रांग. बातारने आपला ग्रिड अलगद त्यावर ठेवला. रेषेवर रेष बसली.

खरं सांगतो, त्या क्षणी लाज नंतर वाटली, आधी वाटलं ते नवल. छत्तीस हजार किलोमीटरवरच्या यंत्राने जे दोन डोळ्यांनी बघितलं, ते या माणसाने माळावर थर्मामीटर धरून ओळखलं होतं. त्याला वरून बघायची गरजच पडली नव्हती.

मॅडमनी तिथेच निकाल सांगितला. बातार पास. बाकी अकरा जणांनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्यात त्यांची चूक नाही, तेव्हा त्यांची परीक्षा पुन्हा. त्याआधी सकाळच्या चित्रांवर एक तास शिकवायचा, आणि तो बातार शिकवणार. मी कुठे बसू, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "पहिल्या बाकावर. वही घेऊन."

बसलो. वही अजून आहे. त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण खडूने फळ्यावर त्याने जमिनीच्या दिवसभराच्या तापमानाची जी रेष काढली, ती मी पुढे निवृत्त होईपर्यंत दर वर्षी शिकवली. दोन वर्षांनी त्याच्या स्टेशनवरचं पहिलं चित्र टपालाने आलं. एका पांढऱ्या ठिपक्याला शाईने बाण काढून खाली लिहिलं होतं: सर, हा गोठलेला तलाव आहे, ढग नाही.

या सगळ्यातून मी शिकलो ते एवढंच. जी जागा आपल्याला सगळ्यात जास्त माहीत आहे असं वाटतं, तिच्यावरून ग्रिड लावू नये. लांबच्या दोन खुणा आधी बघाव्यात.

सर्टिफिकेटं वाटली त्या दिवशी बातार परबांचा निरोप घ्यायला रेकॉर्डरच्या खोलीत आला. मी सोबत होतो. परबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला, बराच वेळ हलवला आणि मग माझ्याकडे वळले.

"साहेबानू, दिवाळेक गावाक जातलास ना? मगे एकटे जाव नकात. ह्येका सांगाती घेवन जावा."