मधोमध भांग

भांग मधोमध असला की मुलगी, बाजूला असला की मुलगा. झगे तर काय, पाच वर्षांचं होईपर्यंत दोघांच्याही अंगात तेच. व्हरमाँटातल्या आमच्या नदीकाठच्या गावात हे कुणाला सांगावं लागत नसे, आणि केझाया लूमिसला तर मुळीच नाही. ऑरिन टटल चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर माणसांचे फोटो काढायचा, आणि त्याच्या खोलीत पोरांचे केस विंचरायचं काम केझायाचं. साखरेच्या पाण्यात बोटं बुडवून ती बटा अशा वळायची, की पोर शिंकलं तरी बट हलायची नाही. वळवळ करणाऱ्या कार्ट्याला म्हणायची, "हलू नकोस राजा, नाहीतर चित्रात तुला दोन नाकं येतील." कार्टं घाबरून गप्प बसायचं. मेलेल्या पोरांना असलं काही सांगावं लागत नसे. फोटोसाठी तीही यायची, हिवाळ्यात जरा जास्तच.

तिची स्वतःची लोव्हिना घशाच्या तापानं गेली, तेव्हा टटल गावात आलाच नव्हता. चार वर्षांची होती पोर. चित्र नाही, काही नाही. आता नऊ वर्षं झाली होती आणि चेहरा विरत चालला होता. आधी डोळ्यांचा रंग गेला, मग ओठ, मग हनुवटी. केझायाला मरणाची भीती नव्हती, या विरण्याची होती. पोरगी दुसऱ्यांदा जातेय आणि या खेपेला आपल्याच हातून, असं तिला वाटायचं. कामात एखाद्या मुलीची मान विशिष्ट तऱ्हेनं कलली, की ती कंगवा खाली ठेवून जिन्यात जाऊन उभी राहायची.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी हल्डा व्हिटकम बर्फावरच्या गाडीतून आपल्या एनॉकला घेऊन आली. रजईत गुंडाळलेला. चार मुलींच्या पाठीवरचा एकुलता एक मुलगा, तोही चारच वर्षांचा.

"गेल्या महिन्यात हट्ट धरून बसला होता," हल्डा म्हणाली. "बाबासारखा भांग पाहिजे म्हणाला. तोवर बहिणी चिडवायच्या त्याला, पाचवी मुलगी म्हणून. तसाच काढा हं बाई, बाजूला. उद्या सकाळी पुरायचंय. मग बघायला एवढंच उरणार."

"तुम्ही बाहेर शेगडीपाशी बसा," केझाया म्हणाली. "मी करते सगळं."

करायला तिनं केलं. पण केस ओले झाले आणि बोटांना ओळखीचे लागले. तसेच मऊ, मानेपाशी तसेच गुंतलेले. पुढचं तिला धड आठवायचं नाही. कंगवा फिरला, टटलनं आकडे मोजले, पत्रा आत नेऊन पाऱ्याच्या वाफेवर धरला. आणि धुरकट चांदीतून लोव्हिना वर आली.

तीच हनुवटी, तेच मिटलेले ओठ. केझायानं टेबलाची कड धरली.

टटल पत्र्यावर वाकला. मग म्हणाला, "हा व्हिटकमांचा मुलगा ना गं? भांग मधोमध पाडलायस तू."

"हो."

"दुसरा पत्रा नाहीये. खोकं गुरुवारी येणार. हाच घासून पुन्हा धरायचा तर आत्ताच, उजेड चाललाय." त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "की ठेवतेस तू? तिला सांगू, जमलं नाही. एवढं पाप माझ्या माथी."

चांगला माणूस होता टटल, म्हणूनच मला त्याचा राग येतो. असलं काही कुणी आईला विचारतं का?

केझायानं पत्रा हातात घेतला. घरी न्यायचा, उशीखाली ठेवायचा, रोज उघडून बघायचा. नऊ वर्षं तिनं एवढंच तर मागितलं होतं. तिनं आयुष्यात कुणाचं काही घेतलं नव्हतं. हे मात्र घ्यावं असं तिला अगदी पोटातून वाटत होतं.

दाराबाहेरून हल्डानं विचारलं, "मुलगा दिसतोय ना हो बाई?"

"दिसेल," केझाया म्हणाली, आणि पत्र्यावर अंगठा ठेवला.

ते चित्र पुसायला जोर लागत नाही. फुलपाखराच्या पंखावरची पूड निघते तसं निघतं. कपाळ गेलं, डोळे गेले. हनुवटीपाशी ती थांबली, टटलला वाटलं आता ठेवतेय. मग तीही गेली. टटलनं हरणाच्या कातड्यानं पत्रा घासून लख्ख केला, तोवर तिनं एनॉकचा भांग डावीकडे काढला आणि कपाळावर बट वळवली. या वेळी तिनं हाताकडेच बघत काम केलं. हल्डाला तिचा मुलगा मिळाला. पत्रा शालीखाली छातीशी धरून हल्डा जिना उतरली.

केझाया पुढे अकरा वर्षं त्या खोलीत होती. लोव्हिनाला आठवायला बसली, की आता एक चेहरा लगेच समोर यायचा, अगदी स्वच्छ, भांग मधोमध. तो एनॉकचा आहे हे तिला ठाऊक होतं. आपली पोरगी कशी दिसायची, ते तिला पुन्हा कधी आठवलं नाही.