लोक बाईला मत देत नाहीत

आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत अध्यक्ष निवडायची एक जुनी पद्धत आहे. सगळ्या सभासदांनी चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याच्या जास्त तो अध्यक्ष, आणि नव्या समितीने पहिल्या सभेत तेच नाव मुकाट कागदावर घ्यायचं. प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकायची वेळ फारशी येत नसे. एकच अर्ज यायचा, तोही पुरुषाचा.

मी सहा वर्षं समितीत होते, महिलांच्या राखीव जागेवर. सभेचं इतिवृत्त मी लिहायचे, टाकी धुणाऱ्यांना मी बोलवायचे, लिफ्टवाल्याशी मी भांडायचे, महापालिकेच्या कार्यालयात खेटे मी घालायचे. सही अध्यक्ष करायचे. माणूस चांगला, सहीसुद्धा सुबक. गेल्या वर्षी ते म्हणाले, तब्येत साथ देत नाही, आता पुरे. मी म्हटलं, मग मी अर्ज भरते. कोणीतरी घाईने पुढचा विषय काढला. चार दिवसांनी अध्यक्षांची तब्येत सुधारली आणि त्यांनी पुन्हा अर्ज भरला.

मला ती जागा हवी होती, हे सरळ सांगते. काम आपलं आणि सही दुसऱ्याची, याचा कंटाळा आला होता. पण अर्ज भरल्यावर दुसरी एक गोष्ट लक्षात आली. पुरुष पडला की तो एकटा पडतो. मी पडले असते तर ‘बाईला उभं करून बघितलं, नाही आली’ हे वाक्य पुढची पंधरा वर्षं जिन्यात ऐकू आलं असतं. तिसऱ्या मजल्यावरची एक तरुण सीए नुकतीच समितीच्या कामात लक्ष घालू लागली होती. तिला मग कोणी अर्जही भरू दिला नसता. त्यामुळे पडून चालणार नव्हतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू मी त्या वर्षी मोठं केलं. वाण म्हणून स्टीलची चहाची गाळणी. एकेकीच्या हातात गाळणी देताना मी मत मागितलं आणि सव्वीस जणींनी शब्द दिला. एकूण घरं अठ्ठेचाळीस. रात्री मी नवऱ्याला म्हटलं, “झालं काम.”

आठवड्याने मतदारयादी फलकावर लागली. यादीत बायका सात.

एका घराला एक मत, आणि शेअर सर्टिफिकेटवर ज्याचं नाव पहिलं, त्याचं ते मत. हा नियम मला कोणी सांगायची गरज नव्हती. सभासदांचं रजिस्टर सहा वर्षं माझ्याच अक्षरात होतं. पहिलं नाव त्याचं, दुसरं तिचं, असं घराघरापुढे मीच लिहिलं होतं आणि मीच बायकांची मतं मोजत बसले. ज्या सात जणी यादीत होत्या त्यांतल्या पाच विधवा, दोघींनी स्वतःच्या पगारावर घर घेतलेलं. माझंही नाव नव्हतं. अर्ज भरतानाच मला नवऱ्याचं ना-हरकत पत्र जोडावं लागलं होतं. त्याने क्रिकेट बघता बघता सही केली आणि पुढचा विचार दोघांनीही केला नाही.

“अहो, आपल्या घरचं मत तुमचं आहे,” मी म्हटलं.

“माझं? अगं, पण मी रोज सकाळी अध्यक्षांबरोबर फिरायला जातो.”

“मग?”

“मग काही नाही. सांगितलं आपलं.”

आता पुरुषांकडे जाणं भाग होतं. कळव्याच्या शाळेतली माझी नोकरी दुपारी सुटते, त्यामुळे संध्याकाळ मोकळी होती. रोज तीन-चार घरं घेतली. माझ्या तोंडावर ‘नाही’ कोणी म्हणालं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांचं उत्तर एकच, दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी दिलं तेच.

“माझी काहीच हरकत नाही, वहिनी. काम तुम्हीच करता, आम्हाला दिसतं ना. पण लोक बाईला मत देत नाहीत हो.”

“कोण लोक?”

“म्हणजे आपले... जनरल.”

“जनरल कुठल्या मजल्यावर राहतात?”

आतून त्यांची बायको हसली. ते हसले नाहीत. “तुम्ही थट्टा करता. देशाची राष्ट्रपती बाई झालेली चालते, ते वेगळं. इथे टाकीची चावी, वॉचमन, सगळं बघायचं असतं.”

“चावी माझ्याच घरी असते.”

“तेच म्हणतो मी. माझी हरकत नाहीच.”

मग मी प्रत्येकाला नावच विचारायला लागले. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी चौथ्या मजल्याकडे बोट दाखवलं. चौथ्या मजल्यावरचे म्हणाले, छे, मी कशाला, पण ते तळमजल्यावरचे आजोबा आहेत ना, त्यांची माणसं बाईचं ऐकायची नाहीत. ही जमीन पूर्वी त्या आजोबांच्या घराण्याची. इथे भात पिकायचा. त्यांच्या कुटुंबाची आमच्या इमारतीत तीन घरं आहेत, म्हणजे तीन मतं. अर्ध्या इमारतीने मला त्यांचीच भीती घातली होती. म्हणून मी त्यांना शेवटी ठेवलं.

आजोबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. मी भाषण तयार करून गेले होते. त्यांनी ते पूर्ण होऊ दिलं नाही.

“मना तर कोनी इचारलाच नाय, बाय,” ते म्हणाले. “बाई का बाप्या, मना काय करायचाय? टाकी तूच धुवून घेतस ना? मंग तूच बस.”

एवढंच. मी परत जिना चढले तेव्हा मला हलकंही वाटलं आणि रागही आला. हरकत घेणारा माणूस इमारतीत नव्हताच. पण दुसऱ्याची हरकत असेल म्हणून जो तो जुन्या नावावर खूण करणार होता. शिवाय समोर रोज दिसणारा मित्र. त्याच्याविरुद्ध मत द्यायला त्यांचा हात धजत नव्हता, आणि यात माझा नवराही आला.

नियमांची पुस्तिका मी पुन्हा काढली. पहिल्या नावाचा सभासद मतदानाला हजर नसेल आणि त्याने लेखी पत्र दिलं असेल, तर दुसऱ्या नावाला मत देता येतं. दुसऱ्या दिवशी त्याच दारांवर मी पुन्हा गेले.

“तुमची हरकत नाही ना? मग रविवारी सकाळी बाहेर जा. वहिनींना पत्र देऊन जा. लोकांनी विचारलं तर तुम्ही इथे नव्हतातच.”

पुरुषांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका मी क्वचितच पाहिली आहे. मत द्यायचं नाही, नाही म्हणायचं नाही, मित्राला तोंड दाखवायचं नाही. एकोणीस पत्रं आली. माझ्या नवऱ्याने तर आपणहून सांगितलं, की डोंबिवलीला बहिणीकडे जाऊन बरेच दिवस झाले.

रविवारी सकाळी पुरुष असे बाहेर पडले की जणू पाहुणे येणार होते. कोणी येऊरच्या डोंगरावर, कोणी कल्याणच्या बाजारात भाजीला, कोणी नुसतेच. शेजारच्या सोसायटीतले एक निवृत्त मुख्याध्यापक निवडणूक अधिकारी म्हणून बसले होते. ते प्रत्येक पत्रावरची सही रजिस्टरशी ताडून बघत होते. तळमजल्यावरच्या खोलीबाहेर बायकांची रांग. दहाच्या सुमाराला दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ येऊरहून घामाघूम परत आले आणि फाटकात उभे राहिले. त्यांची बायको रांगेत अजून चौथी.

मुख्याध्यापकांनी खिडकीतून बघितलं. “हे आले ना? मग मत यांचं.”

“मी आलो नाही सर,” गृहस्थ फाटकाबाहेर एक पाऊल मागे सरकत म्हणाले. “पाणी प्यायला आलोय.”

“अहो, काय हे!” बायको रांगेतून ओरडली. “जा बघू, अजून एक फेरी मारा.”

“अगं, पाय दुखायला लागले.”

“मग रिक्षात बसा. पण आत येऊ नका.”

मुख्याध्यापकांनी नियमांची पुस्तिका उघडली, मिटली, आणि माणूस फाटकाबाहेर आहे तोवर गैरहजर, असं ठरवलं. कोणीतरी त्या गृहस्थांना बाहेरच पाणी नेऊन दिलं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. पत्र मिळालेल्या सगळ्या जणींनी मलाच मत दिलं असेल, असं मी मानत नाही. गाळणी घेतली म्हणजे शब्द पाळलाच पाहिजे असं कुठे आहे? मी स्वतः आत गेले, पडद्यामागे स्वतःच्या नावापुढे खूण केली आणि बाहेर आले. सहा वर्षांत त्या इमारतीच्या निवडणुकीत मी दिलेलं ते पहिलं मत.

दुपारी मोजणी झाली. चव्वेचाळीस चिठ्ठ्या. मुख्याध्यापक एकेक उलगडून नाव वाचत होते आणि मी भिंतीला टेकून उभी होते. एक चिठ्ठी कोरी निघाली. अध्यक्षांना एकोणीस. मला चोवीस.

अध्यक्षांनी हात जोडले. “सुटलो, वहिनी. मला मुलीकडे जायचं होतं. पण सगळे म्हणाले, लोक बाईला मत देत नाहीत, तुम्ही नसाल तर फुकट गोंधळ होईल.” ते खरं बोलत होते की लाज राखत होते, कोण जाणे. मी दोन्ही धरून चालले.

नवऱ्याचा डोंबिवलीहून फोन आला.

“काय झालं?”

“आले.”

“कितीने?”

“पाचने.”

पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. “बरं झालं बाई.”

“एवढं काय बरं झालं?”

“पडली असतीस तर म्हणाली असतीस, मी इथे येऊन बसलो म्हणून पडले.”

म्हटलंच असतं. आनंद वगैरे मला तेव्हा झाला नाही. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं आणि सपाटून भूक लागली. ‘बाई येते का’ हा प्रश्न त्या इमारतीपुरता संपला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीने दोन वर्षांनी अर्ज भरायचं ठरवलं आहे, बहुतेक माझ्याच विरुद्ध. खुशाल भरू दे. पडली तर तिची ती पडेल.