एक हँडल, चार काचा

'दहा मिनिटांचं काम आहे' असं आमच्या घरात कुणी म्हटलं की मी आजही आधी पोरं मोजते आणि मग चपला शोधते. आमच्या घराण्यात दहा मिनिटं म्हणजे नक्की किती, हे अजून कुठल्या घड्याळाला जमलेलं नाही. दहा मिनिटांत येतो म्हणून गेलेले आमचे एक चुलते तिसऱ्या दिवशी दाढी वाढवून परत आले होते, आणि आल्या आल्या विचारत होते, "चहा गाळला का?"

तर दादाची गाडी. माझा थोरला भाऊ अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. नव्वद सालाच्या आसपास त्याने कुणाकडून तरी तिसऱ्या हाताची गाडी घेतली. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या चाळीत तोवर चारचाकी म्हणजे भाजीची हातगाडी. ही दारात आली तेव्हा म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बघत बसली. तिचा रंग कुठला यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं, कारण पुढचं दार एका गाडीचं होतं, मागचं दुसऱ्या गाडीचं आणि आवाज बहुधा पिठाच्या गिरणीचा.

दादा फिटर असल्यामुळे त्याची खात्रीच होती की बनवणाऱ्यांनी गाडी अर्धवट सोडली आहे आणि उरलेली आपण पुरी करायची. त्याने सीटवर जाड प्लास्टिकची कव्हरं चढवली. उन्हाळ्यात त्यावरून उठलं की निम्मा माणूस सीटवरच राहायचा. मागच्या दोन्ही दारांच्या आतल्या कड्या त्याने काढून टाकल्या, का, तर पोरं चालत्या गाडीत दार उघडतील. आणि काचा चार असल्या तरी त्या वरखाली करायचं हँडल एकच. बाकीची तीन झिजून गळून पडली होती. उरलेलं दादा शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी ठेवायचा. मागे बसलेल्याचा जीव घुसमटला की तो पुढे हात करायचा, "दादा, हँडल." मग ते लग्नातल्या अत्तरदाणीसारखं हातोहात फिरायचं आणि काम झालं की परत खिशात.

"सगळं सेफ्टीसाठी आहे," दादा म्हणायचा. "तुम्हाला कळणार नाही."

आणि आम्हाला खरंच कळलं नाही. हेच तर दुखणं आहे.

त्या मे महिन्यात आमच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. नवरी बदलापूरची, शिरगावातली. बस्ता, म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी, उल्हासनगरला, कॅम्प चार म्हणतात त्या भागात करायची ठरली. एरवी आमच्याकडे बस्त्याला एवढी माणसं जातात की दुकानदाराला वाटतं मोर्चा आला. या वेळी दादाने फर्मान काढलं, गाडीत मावतील तेवढीच. म्हणून निघालो पाच जण. दादा, वहिनी, मी, नवरीची मावशी आणि माझी साडेतीन वर्षांची लेक. नवरीला आई नव्हती, त्यामुळे साडीच्या बाबतीत मावशीचा शब्द शेवटचा. तिला आणायला दादा सकाळीच शिरगावला जाऊन आला.

ऊन म्हणाल तर कावळेसुद्धा रस्ता ओलांडताना सावली बघून थांबत होते. माझ्या समोर एका माणसाच्या चपला डांबरात रुतल्या, तो तसाच अनवाणी पुढे गेला आणि मागून येणाऱ्याने दोन्ही पाय उचलून त्या घातल्या. खोटं वाटत असेल तर वहिनीला विचारा. ती हो म्हणेल, कारण मीच तिला तसं सांगून ठेवलंय.

दुकानासमोर पोचलो तेव्हा लेक माझ्या मांडीवर गाढ झोपली होती. मी तिला उचलायला लागले तर वहिनी म्हणाली, "अगो, कशाला उठवतेस? आत नेलीस की भोकाड पसरेल. साडी बघू देणार नाही कुणाला."

"झोपू दे की," दादा म्हणाला. "गाडी सावलीत लावतो. काच दोन बोटं खाली ठेवतो. हवा येते भरपूर. दहा मिनिटांचं तर काम आहे."

मावशी नवी पाहुणी. पण उतरल्यावर काचेतून आत दोनदा वळून बघितलं तिने, हे मला आठवतंय.

आणि मी? पुढे मी जन्मभर दादाच्या नावाने बोटं मोडली, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा माझे दोन्ही हात मोकळे होते. मी तिच्या डोक्याखाली माझी ओढणी दिली आणि उतरले. गाडी समोरच्या दुमजली इमारतीच्या सावलीत होती. दादाने पुढची काच दोन बोटं खाली घेतली, हँडल खिशात टाकलं आणि दारं लॉक केली.

आत थंडगार कूलर. पांढरी गादी. शेठने बसायच्या आधी थंडा मागवला. शेठ सिंधी, अंगाने असा की गल्ल्यामागून उठताना गल्लाही थोडा उठायचा. त्याने पहिल्याच झटक्यात लाल शालूंचा ढीग पसरला.

"शेठ, नवरीला पांढरी दाखवा," मावशी म्हणाली.

"साईं, पांढरी? शादी में?" शेठने हात जोडले. "दीदी, शुभ काम है. ये देखो, लाल देखो, हरा देखो."

"आमच्यात लग्न पांढऱ्या साडीत लागतं. आम्ही बौद्ध. तुम्ही काढा पांढरी."

"काठ चालेल सोन्याचा?" शेठने विचारलं.

"काठ चालेल. पण आधी पांढरी काढा."

एकदा कळल्यावर शेठ मागे हटणारा नव्हता. त्याने पांढऱ्या साड्या काढल्या, आणि तिथे आमची दहा मिनिटं मेली. मला वाटायचं पांढरा हा एक रंग आहे. त्या दिवशी कळलं, की पांढऱ्याच्या पोटात निदान सत्तर रंग असतात आणि मावशीला त्यांतला एकच हवा असतो. वहिनी म्हणे दुधासारखी घ्या. मावशी म्हणे दूध पिवळं दिसतं, मोत्यासारखी बघा. वहिनी म्हणे मोती मळका दिसतो. मी मध्येच जाईच्या फुलासारखी म्हणाले आणि दोघींनी माझ्याकडे बघितलं, जणू मी लाल शालू मागितला. गादीवर एवढ्या साड्या झाल्या की शेठ पलीकडून नुसता ऐकू येत होता. मी दुसरा थंडा प्यायले. हे मी मुद्दाम सांगते. कूलरपुढे बसून मी दुसरा थंडा प्यायले.

दादा केव्हाच उठून गेला होता. "उल्हासनगरात काय मिळत नाही? हँडलं बघून येतो, तीनच्या तीन," म्हणाला आणि नमुन्याला खिशातलं हँडल घेऊन गेला. किल्लीही अर्थात त्याच खिशात.

शेवटी तीन साड्या उरल्या आणि त्यांवरून मावशी आणि वहिनी हटेनात.

"ट्यूबलाइटखाली काय कळतंय कप्पाळ?" मावशी म्हणाली. "सगळ्या निळ्या दिसतायत. उन्हात बघायला पाहिजे. पोरी, तू जा, दारात धर."

कापडाचा खरा रंग दुकानाच्या दारात जाऊन उन्हात बघायचा, हा आमच्या बायकांचा जुना रिवाज. मी तीन साड्या हातावर टाकून दारात आले. पहिली उन्हात धरली तर डोळे दिपले. डोळे मिटून उघडले आणि समोर गाडी दिसली. सावली नव्हती. ज्या इमारतीच्या सावलीत गाडी लावली होती, ती इमारत तिथेच होती, सावली मात्र केव्हाच भिंतीच्या पायाशी जाऊन चिकटली होती. अख्खी गाडी उन्हात.

इथून पुढचं आहे तेवढंच सांगते.

मी धावत गेले. मागच्या काचेवर आतून धुळीचा थर होता. त्या धुळीत एक छोटा पंजा ओढलेला दिसत होता, खालपर्यंत घसरत गेलेला. लेक सीटवर कुशीला पडली होती. केस डोक्याला चिकटलेले, तोंड बिटासारखं लाल, डोळे अर्धे उघडे. रडत नव्हती. ती रडली असेल तेव्हा आम्ही आत दूध आणि मोती करत होतो. आता तिच्यात रडायचंही उरलं नव्हतं.

मी दार ओढलं. लॉक. काचेवर हात मारले, हाका मारल्या, तिने नुसती मान हलवली. मी ओरडले ते कॅम्प एकपर्यंत ऐकू गेलं असावं, पण आधी धावत आला तो शेठ, अनवाणी, त्या डांबरावरून.

"चाबी?"

"दादाकडे!"

"दादा किधर?"

"हँडल आणायला गेलाय!"

शेठने दोन बोटांच्या फटीत बोटं घालून काच खाली रेटून पाहिली. हलेना. मग तो आत गेला आणि कापड मोजायचा लोखंडी मीटर घेऊन आला. "दीदी, बाजू," म्हणाला आणि पुढच्या दाराची ती छोटी तिकोनी काच एका घावात फोडली. हात आत घालून त्याने पुढचं दार उघडलं. मनगट चिरलं, सदरा रक्ताने भिजला, तरी त्याने बघितलं नाही. सीटवरून वाकून त्याने लेकीला उचललं तेव्हा प्लास्टिक तिच्या दंडाबरोबर सोलून वर आलं. आतून जो वाफारा तोंडावर आला, तो भाकरीच्या तव्यावर वाकल्यासारखा. त्या फटीतून हवा येत होती म्हणे भरपूर.

आम्ही लेकीला घेऊन दुकानाकडे धावलो, तर मावशी दारातच उभी होती. तिने माझ्या हातावरची पहिली साडी ओढली, दुकानातल्या माठात बुडवली आणि लेकीला त्या ओल्या साडीत गुंडाळून कूलरपुढे धरलं. वहिनी वारा घालत होती आणि रडत होती. शेजारच्या जिन्यावर एका डॉक्टरचा दवाखाना होता. शेठच्या माणसाने त्यांना अक्षरशः हाताला धरून आणलं.

डॉक्टरांनी लेकीला तपासलं, कपडे सैल केले, चमच्याने पाणी पाजायला लावलं आणि मग माझ्याकडे वळले. "किती वेळ होती आत?"

"दहा मिनिटं," मी म्हणाले.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. आम्ही आत शिरल्याला पाऊण तास झाला होता.

"काच उघडी होती थोडी," मी म्हणाले.

"उघडी असून हे झालंय ना? बाई, बंद गाडी उन्हात भट्टी होते. मोठा माणूस तरी हातपाय मारील. ही काय करणार? अजून थोडा वेळ गेला असता तर मला बोलावून उपयोग नव्हता."

मी खाली बसले. लेकीने तेवढ्यात डोळे पुरते उघडले, कूलरकडे बघितलं, माझ्या बाटलीकडे बघितलं आणि म्हणाली, "मला नाही दिला थंडा." आणि मग रडायला लागली. एवढं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

त्याच वेळी बाहेरून दादाचा आवाज. "काच कुणी फोडली माझी? अरे, कुणी फोडली?"

तो आत आला. डाव्या हातात तीन नवी हँडलं, उजव्यात जुनं. त्याने शेठचा रक्ताळलेला सदरा बघितला, मावशीच्या मांडीवरचं ओलं बोचकं बघितलं. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गेल्या सात पिढ्यांचं दादाला ऐकवून झालं, येणाऱ्या तीनचं उचलीत ऐकवलं. हातातली चारही हँडलं त्याने गादीवर ठेवली आणि बाहेर गेला. थोड्या वेळाने आवाज यायला लागला. तो उन्हात उभा राहून सीटवरचं प्लास्टिक फाडत होता. एकटाच, हाताने, शेवटच्या तुकड्यापर्यंत.

लेक वहिनीच्या खांद्यावर शांत झाली तसं मावशीने ती ओली साडी झटकली. चुरगळलेली, माठाच्या पाण्याने थबथबलेली. शेठ हाताला पट्टी बांधून घेत म्हणाला, "दीदी, दुसरा पीस निकालता हूँ. नया."

"नको," मावशी म्हणाली. "हीच बांधा. हिचा रंग उन्हात बघून झालाय."

कुणी दूध म्हटलं नाही, कुणी मोती म्हटलं नाही.