हानाएबाई हसायला शिकवतात

दुपारची तालीम थांबलीय. सांगलीच्या नाट्यगृहातल्या रंगपटात कुंदा पोंक्षे बाकावर जरा आडव्या होतात. सत्तावन्न वर्षांच्या कुंदाताईंनी उभ्या जन्मात रडक्या आयाच केल्या. आता पहिल्यांदाच खट्याळ म्हातारी मिळालीय, आणि हसू काही केल्या येत नाही. चहाच्या वेळी भूमिका सोडते म्हणून सांगायचं, एवढं ठरेपर्यंत डोळे मिटतात.

"सरक जरा. बसू दे."

पांढरे केस, राखी किमोनो. हानाए मिझुशिमा! या जपानी नटीचेच सिनेमे फिल्म सोसायटीत बघून कॉलेजातली कुंदा नाटकात आली. जाऊन बारा वर्षं झाली बाईंना.

"तुम्हाला मराठी येतं?"

"माझे सिनेमे बघताना तुला जपानी येत होतं?"

आरशाच्या जागी आता क्योटोचा स्टुडिओ आहे, आणि बाकाखाली कृष्णेचं पाणी झुळझुळतंय. दोघी पाय सोडून बसल्यात.

"सोळाव्या वर्षी मूकपटात आले," हानाएबाई सांगतात. "तीस वर्षं नुसती रडले. विधवा, टाकलेली बायको, परत विधवा. मग एकानं खाष्ट सासू दिली. पोट धरून हसायचं होतं. मला मेलीला जमेना!"

"मग?"

"रडताना आतून कुठं हलतं, ते आठवलं. हसू तिथंच असतं गं, शेजारी. तो सिनेमा लागला आणि नव्या नट्यांची पत्रं यायला लागली. म्हणायच्या, आता म्हातारं व्हायची भीती नाही वाटत. आणि तू इथं पळ काढतेस?"

कुंदाताई पोटावर हात ठेवतात. आधी हुंदका येतो. तो मध्येच घसरतो आणि खदखदत बाहेर पडतो. स्टुडिओतले दिवेवाले, घाटावर धुणं धुणाऱ्या बाया, सगळेच हसतात.

"विसरशील हं," म्हणत हानाएबाई त्यांच्या पदराला गाठ मारतात.

"ही आमची रीत तुम्हाला कुणी शिकवली?"

"त्या काय, धुणं धुताहेत त्यांनी."

"कुंदाताई, चहा!" दिग्दर्शक शिरीष दारात उभा आहे. "दुसरा अंक घेऊ या? जमेल ना?"

त्या उत्तर द्यायला तोंड उघडतात, तर पोटातून हसूच उसळतं. शिरीष आधी दचकतो, मग तोही हसत सुटतो.

उठताना पदर सावरायला जातात, तर टोकाला गाठ. बारीक, तीन वेढ्यांची, घट्ट. अशी त्यांनी आयुष्यात कधी मारलेली नाही.

ती न सोडवताच कुंदाताई रंगमंचावर जातात.