गावपळणीच्या दिवशीचं जेवण

आमच्या गावात दर काही वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल घेऊन गावपळण होते. म्हणजे माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी तीन रात्रींसाठी वेशीबाहेर. गाव देवाला आणि भुतांना मोकळं सोडायचं. झावळांच्या राहुट्यांत आम्ही जेवतो, भांडतो, पत्ते खेळतो. मला हे दिवस फार आवडतात. गेल्या खेपेला तर कणकवलीच्या सरकारी ऑफिसातून रजा टाकून मी पूर्ण वेळ काकाच्या राहुटीत होते.

त्या गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात साहेबांचा जनसंवाद मेळावा झाला, असं बिल मार्चअखेरीस छाननीसाठी माझ्या टेबलावर आलं. साहेब म्हणजे आमच्या भागातून निवडून गेलेले. मंडप, खुर्च्या, दोनशे माणसांचं जेवण, गाड्यांचं डिझेल. बिल बनवणारा घाटावरचा असणार, त्याला बिचाऱ्याला गावपळण काय ठाऊक! पण मला ठाऊक होती. मी तारीख पाहिली नाही. खरं सांगायचं तर मी काहीच पाहत नव्हते. साहेबांच्या डिझेलात गाडी खारेपाटणला दिवसातून दहा वेळा जाऊन आली असती, असली बिलं मी वर्षानुवर्षं पाहिली होती. पहिल्या वर्षी तळपायाची आग मस्तकात गेली होती. मग ती जायची थांबली. कधी थांबली, तेही आठवत नाही. बिलावर छाननीची सही करून मी डबा खायला गेले.

माहितीच्या अधिकारात ते कागद काढले माझ्या काकानेच. गाव आधी पोट धरून हसलं. मग चिडलं. गावाच्या रस्त्याला पैसे नाहीत म्हणणाऱ्याने रिकाम्या गावात पंगती उठवल्या होत्या. एका सोमवारी दोन टेंपो भरून माणसं ऑफिसवर आली. खिडकीतून आवाज येत होते, "जेवाक कोण बसलेले? भुतां?" एरवी मी हसून लोळले असते.

काका निवेदन घेऊन आत आला. ऑफिसात शिरला की आमचा माणूस पुस्तकातलं मराठी बोलतो, तसाच तोही. बिलाची प्रत पुढे धरून म्हणाला, "मॅडम, या बिलावर छाननीची सही कोणाची आहे?"

"माझी."

त्याने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, निवेदनाची पोच घेतली आणि निघून गेला.

दुपारी वरिष्ठांनी मला आत बोलावलं. खुलासा लिहून द्यायचा होता, की मेळावा पुढच्या आठवड्यात झाला, नोंदीत दिनांक माझ्या नजरचुकीने चुकला. "तुमच्यावर काही येणार नाही," ते म्हणाले. "नाहीतर छाननी कोणी केली, इथून चौकशीला सुरुवात होईल." पुढच्या आठवड्यातही कसला मेळावा झाला नव्हता. मी सहा ओळी लिहिल्या. परतताना बाजारातून बांगडे घेतले, ते ताजे आहेत का हे मात्र कल्ले उचकटून नीट पाहिलं.

खुलाशाची प्रत तक्रारदार म्हणून काकाला टपालाने गेली. रविवारी तो आमच्या घरापुढच्या खळ्यात येऊन बसला. तो ओरडेल, शिव्या घालेल, अशी माझी तयारी होती. मला तेच हवं होतं बहुतेक.

"पुढच्या आठवड्यात मी गावातच होतो," तो म्हणाला. "मेळावो खंय झालो?"

"नाय झालो," मी म्हटलं.

हातातली खुलाशाची प्रत त्याने घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाला, "ऱ्हवांदे गो बाय. आमी तक्रार मागे घेतंव. खरा सांगूक गेलो तर पयला तूच अडाकतलंस. तुझी नोकरी गेली तर तुझ्या आवशीक, माझ्या वयनीक, मी काय तोंड दाखवू?"

"आणि गावातली माणसं?"

"तेंका मी सांगतंय. ऐकतले."

म्हणजे दोन टेंपोंतल्या माणसांचा राग माझ्या पगारासाठी परत घरी जाणार होता, आणि साहेब दोनशे पानांचं जेवून मोकळे. नको म्हणायला तोंड उघडायचं होतं. मी उघडलं नाही. नोकरी राहिली म्हणून हायसं वाटलं, आणि त्याची लाज वाटायला हवी हे कळत होतं, पण ती येत नव्हती.

काकाने खिशातून कोरा कागद काढला. "तूच लिव. सरकारी मराठी आमका जमना नाय."

मी लिहिलं. गैरसमजातून तक्रार केली होती, खुलाशाने समाधान झालं आहे, तरी तक्रार निकाली काढावी. कागद त्याच्यापुढे सरकवला.

"वाचून बघ," मी म्हटलं.

"तू लिवलंस मा? मगे कित्याक वाचू?" म्हणाला, आणि सही केली.